ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या उणिवा जाहीर लिहायच्या आहेत. खरं लिहायचंय, पण कुणाचा अपमान नको. कसं लिहावं?

परभणी_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक ओपन सोर्स ग्रंथालय प्रणाली आहे. जिल्ह्यातली आणखी काही महाविद्यालयं तीच घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून ग्रंथपालांसाठी जाहीर परीक्षण लिहायला घेतलंय. देवघेव, दंड, बारकोड सगळं ठीक चालतं. अडचण मराठी शोधाची आहे. इंग्रजी शीर्षक टाकलं की बरोबर येतं. मराठी टाकलं की कधी काहीच येत नाही, तर कधी भलतीच पुस्तकं येतात. प्रणालीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधी माझं बरोबर आहे का ते कळू द्या. मसुदा असा आहे:

"या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शोध चालतच नाही. पाच वर्षं झाली तरी बनवणाऱ्यांनी एवढ्या साध्या गोष्टीकडे लक्ष दिलेलं नाही. मराठी ग्रंथालयांनी याच्या वाटेला जाऊ नये."

सहकारी म्हणतात, फुकट मिळालंय, नावं ठेवणं बरं दिसत नाही. पण गप्प बसलं तर बाकीचे याच खड्ड्यात पडतील. काय बदलू?

गोदाकाठ

मॅडम, मसुद्यात तीन वाक्यं आहेत आणि तिघांची जात वेगळी आहे. पहिलं तपासता येतं. दुसरं माणसांच्या मनाबद्दल आहे, ते तुम्हाला आम्हाला तपासता येत नाही. तिसरा सल्ला आहे आणि तो पहिल्यावर उभा आहे. म्हणून आधी पहिलं पक्कं करा.

लक्षणांवरून कोहा ही ग्रंथालय प्रणाली आणि त्यातलं झेब्रा हे शोधयंत्र वाटतंय. तसं असेल तर दोष प्रोग्रामचा आहे की मांडणीचा, हे आधी ठरवावं लागेल. झेब्रा शब्दांची सूची दोन पद्धतींनी करतं. एक चार्मॅप, म्हणजे कोणतं अक्षर कशाच्या बरोबरीचं धरायचं याची हाताने लिहिलेली यादी. ही यादी रोमन लिपी समोर ठेवून केलेली आहे, देवनागरीचा तिला पत्ता नाही. दुसरी पद्धत आयसीयू, ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, नियमांनी शब्द ओळखते. मराठी, हिंदी, उर्दू पुस्तकं असतील तर आयसीयूच लागते.

सर्व्हरवर झेब्राच्या 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' नावाची फाइल असते. ती उघडून बघायला सांगा. शब्दांच्या भागात 'चार्मॅप'ने सुरू होणारी ओळ दिसली तर कारण तिथेच सापडलं. तिच्या जागी 'आयसीयूचेन'ची ओळ येते. मग 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा' ही आज्ञा पूर्ण सूचीसाठी चालवून सगळी सूची नव्याने बांधायची. नुसती ओळ बदलून इथेच थांबतात पुष्कळ जण. जुनी सूची तशीच राहते आणि मग "करून बघितलं, फरक नाही" असं लिहिलं जातं. आधी बॅकअप घ्या, आणि सुट्टीच्या दिवशी करा, कारण सूची बांधून होईपर्यंत शोध अर्धवट येतो.

आयसीयू केल्यावरही एक खड्डा राहू शकतो. 'वर्ड्स-आयसीयू' या नियमांच्या फाइलीत "नॉनस्पेसिंग मार्क रिमूव्ह" असा नियम असेल तर तो काढायला लावा. फ्रेंच, स्पॅनिशमध्ये अक्षरावरच्या खुणा गाळून शोधता यावं म्हणून असे नियम लिहितात. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपला उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह हे सगळं याच गटात येतं. काना, वेलांटी, ओकार येत नाहीत. त्यामुळे हा नियम चालू असेल तर मूल, मुले आणि मेल हे तिन्ही शब्द सूचीत "मल" होऊन बसतात. "भलतीच पुस्तकं येतात" याचं हेही कारण असू शकतं. तपासायला सोपं आहे: 'मूल' शोधा आणि निकालात 'मेल' येतंय का बघा.

आता पुरावा. दहा शब्द निवडा. त्यात उकार-मात्रावाले दोन-तीन, जोडाक्षरवाले दोन, 'तऱ्हा' किंवा 'दऱ्या'सारखा एक, 'ॲटलस'सारखा एक आणि दोन इंग्रजी, अशी सरमिसळ ठेवा. प्रत्येक शब्द वाचकांच्या कॅटलॉगमध्ये शीर्षक म्हणून शोधा, आकडा लिहा. मग रिपोर्ट्समध्ये कोहाच्या डेटाबेसमधल्या 'बिब्लिओ' टेबलातल्या शीर्षकावर तोच शब्द एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतल्या 'लाइक'ने शोधा आणि तो आकडा शेजारी लिहा. 'लाइक' शब्दाचा तुकडाही पकडतो ('मूल' टाकलं तर 'मूलभूत' पण येतं), म्हणून यादीवर नजर फिरवून जादाचे वजा करा. नोंद टेबलात आहे पण कॅटलॉगला सापडत नाही, तर दोष शोधाचा. टेबलातही नाही, तर दोष नोंद भरण्याचा. एवढ्याने निम्मा वाद मिटतो.

'अबाउट कोहा' पानावर आवृत्ती, लिनक्स, डेटाबेस यांचे क्रमांक मिळतात. आवृत्तीचा आकडा वर्ष आणि महिना सांगतो: १७.११ म्हणजे २०१७ च्या नोव्हेंबरची. मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. तुमची जुनी असेल तर परीक्षण त्या जुन्या आवृत्तीचं आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. २०१७ चं सॉफ्टवेअर तपासून आजच्या लोकांना दोष देणं अन्यायाचं होईल.

मांजरा_तीर

गोदाकाठ यांनी तांत्रिक बाजू नीट सांगितली. मी "फुकट मिळालंय" याबद्दल लिहितो, कारण गोंधळ तिथे आहे.

आपल्याकडे पुष्कळ महाविद्यालयं असं सॉफ्टवेअर स्वतः बसवत नाहीत. सेवादार बसवून देतो, त्याला बसवणुकीचे आणि वार्षिक देखभालीचे पैसे जातात. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, सेवा विकतची. चार्मॅप तसंच ठेवलं असेल तर ते काम सेवादाराचं राहिलंय, आणि करारात मराठी शोध लिहिलेला असेल तर ते करून मागायचा तुमचा हक्क आहे. ती तक्रार त्याच्याकडे लेखी द्या, परीक्षणात त्याचं नाव घालू नका. विकसकांकडे मात्र हक्काने मागता येत नाही. कोहा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे आणि त्या परवान्यातच स्पष्ट लिहिलंय की कुठलीही हमी नाही. हमी नाही याचा अर्थ टीका करू नये असा होत नाही. उणीव दाखवायला कुणाचीच परवानगी लागत नाही. फक्त "तुम्ही आमचं देणं लागता" हा सूर त्यात नको.

कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या एका ग्रंथालय संस्थेसाठी लिहायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाला दिलेली भेट, जिची परतफेड मनात धरलेली असते. आपल्या आहेरासारखीच. आहेरात आलेल्या लुगड्याला भोक असेल तर ते सांगायचं असतं, पण चारचौघांत देणाऱ्याच्या घराण्यावर जायचं नसतं.

आता दुसरं वाक्य. "लक्ष दिलेलं नाही" लिहिण्याआधी कोहाच्या बगझिलात, म्हणजे दोष नोंदवायच्या संकेतस्थळावर, शोधून बघा, ही तक्रार कुणी नोंदवली आहे का. नसेल, तर पाच वर्षं गप्प आपण बसलोय, त्यांना कळणार कुठून? असेल, तर तिच्या शेजारी स्थिती लिहिलेली असते. 'नीड्स साइनऑफ' दिसलं तर समजायचं की दुरुस्ती लिहून तयार आहे आणि दुसऱ्या कुणीतरी ती चालवून "चालते" म्हणायची वाट बघतेय. त्यानंतर 'साइन्ड ऑफ', मग 'पास्ड क्यूए', मग ती मूळ कोडमध्ये जाते. हे साइनऑफ करायला प्रोग्रामर असावं लागत नाही. कोहाचे सँडबॉक्स, म्हणजे नुसत्या चाचणीसाठीच्या प्रती, आहेत, तिथे ब्राउझरमध्येच ती दुरुस्ती लावून बघता येते. मराठी शोधाची दुरुस्ती मराठी वाचता येणाऱ्या माणसानेच तपासायला हवी, ती फ्रान्समधला ग्रंथपाल काहून तपासेल आणि कशी तपासेल?

शब्दांचं म्हणाल तर "एवढ्या साध्या गोष्टीकडे" हे तीन शब्द काढाच. साधी आहे हे आपण कोड न बघता ठरवतोय, आणि वाचणाऱ्याला त्यातून "तुम्ही आळशी आहात" एवढंच ऐकू येतं. "नुसती एक ओळ बदलायची होती", "कुणालाही कळेल", "अजूनसुद्धा" हेही त्याच पंक्तीतले. "वाटेला जाऊ नये" ऐवजी कुणी घेऊ नये, कशासाठी घेऊ नये, कुणाला चालेल ते लिहा.

बालाघाट

वरच्या दोघांचं पटतं, पण एका गोष्टीची काळजी वाटते. हे सगळं वाचून ताईंनी लेख इतका मऊ करू नये की दोष शोधावा लागेल. आपल्याकडे परीक्षण म्हणजे आधी तीन परिच्छेद कौतुक, मग "काही किरकोळ त्रुटी वगळता" आणि शेवटी शुभेच्छा. ज्या महाविद्यालयाकडे आठ-दहा हजार मराठी पुस्तकं आहेत त्याला ही त्रुटी किरकोळ नाही, वाचकाला पुस्तक सापडतच नाही. ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं. कौतुक खरं असेल तिथे जरूर करा, बारकोड नीट चालतो तर तसं लिहा, पण कडू औषधावर साखर म्हणून नको.

परीक्षण छापायच्या आधी मसुद्यातला तांत्रिक भाग कोहाच्या मेलिंग लिस्टवर किंवा बगझिलात टाका आणि पंधरा दिवस थांबा. परवानगी मागू नका, चूक दाखवायला सांगा. आकडा चुकला असेल तर तिथेच कळेल. उत्तर नाही आलं तर "अमुक तारखेला कळवलं, आजपर्यंत उत्तर नाही" एवढंच लिहा. त्यावर "कुणाला पडलेलीच नाही" असा निष्कर्ष जोडू नका. पुढे दुरुस्ती झाली तर लेखाच्या वरच तारीख घालून टीप द्या, जुना मजकूर पुसू नका. नाहीतर ज्यांनी आधी वाचलंय ते तोच दोष पुढची दहा वर्षं सांगत फिरतात.

दोन ठिकाणी मात्र जाहीर लिहायचंच नाही. पहिलं, सुरक्षेची चूक. लॉगिन न करता दुसऱ्या वाचकाचं खातं दिसतंय असं काही आढळलं तर ते परीक्षणात नको, गटावर नको, उदाहरण म्हणूनही नको. कोहाच्या बगझिलात सुरक्षेची नोंद मर्यादित लोकांनाच दिसेल अशी करता येते. दुरुस्ती बाहेर पडल्यावर मग लिहा. दुसरं, स्क्रीनशॉट. त्यात विद्यार्थ्याचं नाव, मोबाइल, कार्ड क्रमांक, दंड दिसतो. वर पत्त्याच्या पट्टीत तुमच्या सर्व्हरचा पत्ता असतो. जुनी आवृत्ती आणि सर्व्हरचा पत्ता एकाच चित्रात देणं म्हणजे कुलपाचा नंबर दारावर चिकटवणं आहे. नुसतं धूसर करू नका, काळी पट्टी मारा किंवा ते भाग कापूनच टाका.

आणि "जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या" हे वाक्य कुठल्याच प्रकल्पाला लिहू नका. एक्सझेड नावाच्या लायब्ररीचं (पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडची) उदाहरण जगजाहीर आहे. ती एकच माणूस फावल्या वेळात सांभाळायचा. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे लकडा लावला की तू संथ आहेस, दुसऱ्याला घे. पुढे सोबतीला आलेल्या खात्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट बसवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने मोजलं, आधी सुरक्षेच्या लोकांना खासगीत कळवलं आणि २९ मार्चला जाहीर लिहिलं. पाठपुरावा करायचा तो मोजमापाने करावा, माणसाला टोचून नाही.

परभणी_ग्रंथपाल

सगळ्यांचे आभार. होय, कोहाच आहे. फाइलीत चार्मॅपच निघालं. सेवादाराने आयसीयू करून सूची पूर्ण बांधून दिली. 'मूल' आणि 'मेल' आता वेगळे येतात, 'गोदावरी'चा आकडा टेबलाशी जुळतो. दहापैकी दोन शब्द अजून अडतात. 'ॲटलस' टाकलं की निम्मीच पुस्तकं येतात. आणि 'मूल' टाकलं की 'मुलांसाठी' असलेली शीर्षकं येत नाहीत. यातलं कुणाचं काय?

गोदाकाठ

पहिलं तुमच्या नोंदींचं आहे. ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक स्वतंत्र अक्षर, युनिकोड क्रमांक यू+०९७२, जे युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. दुसरा अ वर चंद्र देऊन, म्हणजे यू+०९०५ आणि यू+०९४५. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही, त्यामुळे यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. नोंदी दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर भरल्या असतील. उपाय: 'वर्ड्स-आयसीयू' आणि 'फ्रेजेस-आयसीयू' या दोन्ही फाइलींत दुसऱ्या रूपाचं पहिल्यात रूपांतर करणारा एक नियम घाला आणि सूची पुन्हा बांधा. तोच नियम शोधशब्दालाही लागतो, त्यामुळे मूळ नोंदींना हात लावायची गरज नाही. 'ऱ्या', 'ऱ्हा' यांचंही असंच बघून घ्या. कुणी ऱ (यू+०९३१) वापरतं, कुणी साध्या र ला पाय मोडून झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह लावतं.

दुसरं मात्र कोहाचं आहे, आणि तुमच्या परीक्षणातली खरी टीका हीच. शोधशब्दापुढे आपोआप तारांकन लावायची सोय कोहात आहे, 'क्वेरी ऑटो ट्रंकेट' नावाची. तिच्यामुळे 'गोदावरी' टाकलं की 'गोदावरीच्या' सापडतं, कारण मूळ शब्द शाबूत राहून पुढे प्रत्यय लागलाय. पण मराठीत सामान्यरूप होताना शब्द आतून बदलतो. मूल, मुलांसाठी. पाऊस, पावसाचे. दगडाचा 'दगडा' झाला तर तारांकन पकडेल, पावसाचं नाही पकडणार. मूळ शब्द ओळखून शोधायची 'क्वेरी स्टेमिंग' ही सोय कोहात आहे, पण ती मोजक्या युरोपीय भाषांपुरती, मराठी तिच्यात नाही. हे कुठलीही सेटिंग बदलून सुटत नाही. बिनदिक्कत लिहा.

मांजरा_तीर

आणि बगझिलातही टाका, सुधारणेची मागणी म्हणून, म्हणजे 'एन्हान्समेंट' निवडून. इंग्रजीत लिहावं लागेल, तिथे दोन गोष्टी सांभाळा. वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही हे धरून चाला. "पावसाचे चुकतं" म्हणून त्याला काही कळणार नाही. शब्द मजकुरातच ठेवा, चित्रात नको, म्हणजे त्याला कॉपी करता येईल. शेजारी रोमन उच्चार, अर्थ, अक्षरागणिक युनिकोड क्रमांक आणि "हा शब्द त्याच शब्दाचं प्रत्यय लागलेलं रूप आहे" एवढं द्या. पाच-सहा जोड्या पुरेत, जसं पाऊस-पावसाचे, मूल-मुलांसाठी, देऊळ-देवळात, कुत्रा-कुत्र्याचे.

दुसरं, आपल्याला कार्यालयीन पत्राची सवय असते. "तातडीने कार्यवाही करून अनुपालन कळवावे" याचं इंग्रजी केलं की तिकडे ते साहेबाने शिपायाला दिलेला हुकूम वाटतो. काय केलं, काय अपेक्षित होतं, काय आलं, आणि तुम्ही कोणती मदत करू शकता, एवढ्या चार गोष्टी लिहा. शब्दांच्या जोड्या जमवून देणं आणि तयार झालेली दुरुस्ती सँडबॉक्सवर तपासणं ही मदत छोटी नाही.

परभणी_ग्रंथपाल

सुरुवातीचा परिच्छेद आता असा केलाय:

"कोहाच्या मूळ मांडणीत मराठी शोध भरवशाचा नाही. झेब्राची सूची आयसीयू पद्धतीने बांधून घेतली की बहुतेक शब्द बरोबर सापडतात. हे बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून घ्या आणि करारात लिहून घ्या. त्यानंतरही कोहाला मराठी व्याकरण कळत नाही: 'पाऊस' शोधल्यावर 'पावसाचे' सापडत नाही. ज्यांचे वाचक प्रामुख्याने मराठी शीर्षकांवरून पुस्तक शोधतात त्यांनी ही अडचण धरूनच निर्णय घ्यावा. देवघेव, दंड आणि बारकोडसाठी आम्हाला अडचण आलेली नाही."

बालाघाट

चांगलं झालंय ताई. "कोहाला मराठी व्याकरण कळत नाही" हे तेवढं बदला. इंग्रजीचंही व्याकरण त्याला कळत नाही, फक्त शब्दाची शेपटी छाटता येते. "मराठी शब्दाच्या सामान्यरूपावरून मूळ शब्द ओळखण्याची सोय नाही" असं लिहा. आणि पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक आणि तपासल्याची तारीख राहिलीय, ती घाला.